शिरकार

मी तोंडाळ बाई आहे. हे सासूनं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, आणि डिचोलीच्या शाळेत माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता बाप्ये झाली तरी मला रस्त्यात बघून विडी लपवतात, त्यावरून मलाही ते पटलेलं आहे. तोंड सोडल्याचा मला सहसा पस्तावा होत नाही. ज्यांना बोलले त्यांनी ते कमावलेलं होतं. एका माणसानं मात्र नव्हतं कमावलेलं, आणि नेमकं त्यालाच मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट बोलले. चारचौघांत, त्याच्या कामाच्या जागी, त्याच्या हाताखालच्या पोरींसमोर. त्या माणसामुळे माझी आई आठ वर्षं जास्त जगली.

आम्ही त्यांना शिरकार म्हणायचो. आमच्याकडे जमिनीचा मालक तो भाटकार, बांगड्या भरणारा तो काकणकार, तसा माणसांच्या शिरा सांभाळणारा तो शिरकार. हे नाव कुणा रोग्यानं पाडलं आणि खोलीभर झालं. तोंडावर सगळे ‘भाई’ म्हणत. माणूस पेडण्याकडचा, उंच, वाळकुडा. शहरातल्या इस्पितळात डायलिसिसची खोली होती, चार मशीनं, चार खाटा. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून धुऊन परत अंगात सोडायचं, हे त्यांचं काम. कागदावर ते नुसते तंत्रज्ञ. पण डॉक्टरसुद्धा नळी घालायच्या आधी दारातून डोकावून विचारायचे, “भाई, खंय घालूं?”

गोव्याचं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. भाषेचं भांडण कायद्यात मिटलं तरी माणसांत मिटलं नव्हतं. खोलीतल्या एका खाटेवर कोंकणीवाला, समोरच्या खाटेवर मराठीवाला, दोघांचं रक्त मशीनमध्ये, आणि दोघांची तोंडं चालू. शिरकार बोलायचे कोंकणी, लिहायचे मराठी आणि रागवायचे दोन्हीत. एकदा त्या दोघांनी त्यांना पेचात धरलं, भाई, तुम्ही कुठल्या बाजूचे? शिरकारांनी दोघांचे रक्तदाब मोजले आणि म्हणाले, “तुमचो दोगांयचो चडला. मशीन सुटल्यावर भायर वचून झगडात. हांव शिरांच्या बाजूचो.”

आमचं घर नार्व्याला, नदीकाठच्या शेताला लागून. आईला आधी पायांना सूज आली, मग चेहऱ्याला, मग धाप. आम्ही तिला इस्पितळात नेलं तेव्हा तिला आडवंही होता येत नव्हतं. डॉक्टरांनी मांडीच्या शिरेत नळी घातली आणि तिला मशीनला लावलं. मी तेविशीची, नुकती शाळेत लागलेली. बाप माझा शेतातला अबोल माणूस, भिंतीला टेकून उभा. तेव्हा शिरकार माझ्यापाशी आले. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझा डावा हात उचलला, मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवला, खाली ठेवला, आणि मग समजावायला लागले.

“आयक बाय. तुझ्या आवयच्या मांडीत घातलाय तो पाहुणा. पाहुण्यानं चार दिवस राहायचं आणि निघायचं. तो असेपर्यंत तिनं बसायचं नाही, चालायचं नाही. मग गळ्यातल्या शिरेत एक घालू, तो भाडेकरू. काही आठवडे राहील. पण भाडेकरू तो भाडेकरूच. ताप आणलान की त्याच दिवशी सामान बाहेर.”

मी विचारलं, मग कायमचं काय?

“कायमचं म्हणजे आपलं घर. मनगटात शुद्ध रक्ताची शीर आणि अशुद्ध रक्ताची शीर एकमेकींना जोडतात. फिस्तुला. दोन महिन्यांत शीर फुगते, सुई घ्यायला तयार होते. परकी वस्तू अंगात काही नाही.”

त्यांच्या या घरबारात आणखीही बिऱ्हाडं होती, ती मला पुढे कळली. छातीवरच्या कातडीखालून बोगदा काढून गळ्याच्या शिरेत नेतात त्या नळीला ते मुंडकार म्हणायचे. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार, आणि कायदा झाल्यापासून त्याला कुणी उठवू शकत नाही. तसंच त्या नळीला आत एक कापडी पट्टी असते, तिच्यात मांस रुजतं आणि नळी महिनोन् महिने घट्ट बसते. पोटातून पाणी सोडून रक्त साफ करतात ती नळी म्हणजे परसदार. आणि गळपट्टीच्या हाडाखालून घालतात त्या नळीवर त्यांचा भारी राग. “हो भाडेकरू वतना दार मोडून वता,” म्हणायचे, जाताना दार मोडून जातो. ती शीर आतून आवळते आणि मग त्या बाजूच्या हातात फिस्तुला नीट चालत नाही. एका नव्या डॉक्टरानं तिथं नळी घालायला घेतली तर शिरकार खाट आणि डॉक्टर यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि पाच मिनिटं हललेच नाहीत. शेवटी डॉक्टरनं गळ्यात घातली.

माणसांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचा जीव हातांत. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट पुढं केलं की हे त्याचं मनगट बघत बसायचे आणि उतरताना कौतुकानं सांगायचे, कितें शीर आसा. कंडक्टर बिचारा हात मागं घ्यायचा. माझं लग्न कारापूरला ठरलं तेव्हा माझा होणारा नवरा एकदा आईला बघायला इस्पितळात आला. नवी इस्तरीची बाही, हातात मोसंब्या. शिरकारांनी मोसंब्या काढून माझ्या हातात दिल्या, “हीं तूच खा, आवयक नाकात,” कारण डायलिसिसच्या माणसाला फळं जपून द्यायची. मग त्याची बाही कोपरावर सरकवली, हात उजेडाला धरला, अंगठ्यानं दाबून पाहिला. खोलीतले सगळे बघताहेत. “बरी शीर आसा,” ते मला म्हणाले, “कर लगीन.” पत्रिका जुळली तेव्हा घरात झाला नव्हता एवढा आनंद आईला झाला. रक्त मशीनमध्ये असताना ती इतकी हसली की मशीनची घंटा वाजायला लागली.

त्यांचा एकच कडक नेम. गळ्यातल्या नळीला बाहेर दोन तोंडं असतात, एक तांबडं, एक निळं. तांबड्यातून रक्त मशीनकडे जायचं, निळ्यातून परत यायचं. ती बुचं उघडायची असली की शिरकार कोपरापर्यंत हात धुवायचे. किती वेळ? आई म्हणायची, एवढ्या वेळात दशावतारी रंग काढून, जेवून, घरी पोचतो. मग स्वतःच्या तोंडावर कापड, आईच्या तोंडावर कापड, आईनं मान दुसरीकडे वळवायची, आणि खोलीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. तोंडातली वाफ उघड्या नळीवर गेली की जंतू सरळ रक्तात. “बूच उघडं, तोंड बंद,” हे त्यांचं वाक्य. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार केळ्यांचा घड आणि चार माणसं घेऊन रोग्यांची विचारपूस करायला आला. दारातच “नमस्कार बंधूंनो” असं सुरू केलंन. शिरकारांनी हात वर केला. तो माणूस केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन दहा मिनिटं मुका उभा राहिला. बूच लागल्यावर शिरकार वळून म्हणाले, “आतां बोला.” तोवर तो आपलं भाषण विसरून गेला होता.

माया त्यांची अशीच उलट्या बाजूनं दिसायची. तुयेच्या कारखान्यातला बेळगावकडचा एक कामगार होता, घरदार सगळं तिकडे, इथे एकटा. त्याच्या गळ्यात भाडेकरू होता. एकदा अंगात त्राण नाही म्हणून तो जवळच्या कुठल्याशा दवाखान्यात गेला, आणि तिथल्या माणसानं आयती नळी दिसली म्हणून तिच्यातूनच सलाईन चढवलं. पुढच्या खेपेला तो मशीनवर हुडहुडायला लागला. नळी काढावी लागली, पंधरा दिवस तो मरता मरता वाचला. शिरकारांनी सुट्टीच्या दिवशी बस धरली आणि तो दवाखाना गाठला. भांडले नाहीत. स्वतःच्या वळणदार मराठीत लिहिलेला एक कागद तिथल्या भिंतीवर डकवून आले: ‘गळ्यात नळी दिसल्यास लांबून हात जोडावे. हात लावू नये.’ येताना त्या कामगाराच्या खोलीवर पेजेचा डबा ठेवून आले.

आईचा फिस्तुला झाला डाव्या मनगटाला. शीर फुगावी म्हणून मुठीत चेंडू दाबायचा असतो. आईला चेंडूची लाज वाटायची, तर शिरकार म्हणाले, “मग पीठ मळ.” दोन महिने आमच्या घरात इतक्या चपात्या झाल्या की बाप पावाची आठवण काढायला लागला. शीर तयार झाली की तिच्यावर कान ठेवला तर आवाज येतो, लाकडात भुंगा शिरल्यासारखा, अखंड. शिरकारांनी मला तो ऐकायला शिकवला. “रोज सकाळी ऐकायचं. भुंगा चालू तर आवय चालू. भुंगा गप्प झाला तर चहासुद्धा न पिता हिला घेऊन यायचं.” मग हाताचे नियम सांगितले, बोटांवर मोजत. या हाताला घड्याळ नाही, रक्तदाबाची पट्टी नाही, घागर नाही, कळशी नाही, या कुशीवर झोपायचं नाही, या हातातून कुणाला रक्त काढू द्यायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं, शाळामास्तरीण ना.

गळ्यातली नळी निघाली त्या दिवशी आईनं डोक्यावरून पाणी घेतलं. नळी असेपर्यंत ते बंद होतं, तीन महिने नुसतं ओल्या फडक्यानं पुसणं. न्हाणीतून बाहेर आली ती केस मोकळे सोडून, आणि अंगणात उन्हाला पाठ करून बसली. दुसऱ्या खेपेला तिनं शिरकारांना ते सांगितलं. त्यांनी तिच्या शिरेवर बोटं ठेवून ऐकलं आणि म्हणाले, “माझ्या हातांतल्यान आजमेरेन एक शीर वचूंक ना. ही पण वचची ना.” आजवर आपल्या हातून एक शीर गेली नाही, ही फुशारकी ते दिवसातून दोनदा मारायचे आणि ती खरी होती.

मग माझं लग्न आलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी काकणकार घरी येतो आणि नवरीला चुडा भरतो, हिरव्या काचेचा, दोन्ही हातांत. नवरीमागून घरातल्या सगळ्या सवाष्णींच्या हातांत काकणं चढतात. आमचा काकणकार म्हातारा, जुन्या हाताचा. त्याचा अभिमान असा, की हात दाबून, बोटं मिटवून, साबण लावून इतकी बारीक काकणं चढवायची की मग ती खुळखुळता कामा नयेत. सैल काकणं भरणं म्हणजे त्याच्या लेखी कामचुकारपणा. आईची पाळी आली. तिनं उजवा हात पुढं केला, तो भरला. डावा तिनं पदराखाली घेतला.

“या हाताला नको,” ती म्हणाली. “हा हात भाईंचा आहे.”

सगळ्या बायका हसल्या. मी नाही हसले. मी नवरी होते, माझ्या अंगात आलेलं होतं. मी म्हटलं, “आई, एक हात उघडा ठेवून माझी पाठवणी करणार तू? अर्ध्या सवाष्णीसारखी? लोक काय म्हणतील, आणि मला काय वाटेल?” ती म्हणाली, “दोन घालते, सैलशी.” मी म्हटलं, “दोन नाही, भरून.” वहीत घड्याळ लिहिलेलं होतं, पट्टी लिहिलेली होती. काकणं लिहिलेली नव्हती. आईनं हात बाहेर काढला. काकणकारानं साबण लावला आणि मनगटावर, अगदी त्या जागी, नऊ काकणं बसवली. आई ओठ दाबून हसत होती. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भुंगा ऐकला नाही. मला हळद, न्हाणं, साडी, शंभर कामं होती. त्याच्या पुढच्या सकाळी मी कारापूरला होते.

पाचव्या दिवशी पाचपरतावनाला माहेरी आले तर आईच्या गळ्यात पुन्हा नळी. तांबडं तोंड, निळं तोंड, पांढरी पट्टी. मनगटावर काही नव्हतं. मी कान ठेवला. नुसतं हाड. मी ओरडले, काय झालं? आई म्हणाली, “सुई नीट बसली नाही गो. शीर बंद पडली.”

“कुणी लावली सुई?”

तिनं गळ्यातल्या पट्टीवर पदर ओढला. “भाईंनीच.”

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या मनगटावर माझ्या आईचा जीव होता आणि मी ज्याच्या हवाली तो केला होता त्यानं तो घालवला, एवढंच माझ्या डोक्यात. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला न सांगता, अंगावर नवी साडी आणि हातात चुडा तसाच, मी दोन फेरीबोटी बदलून इस्पितळात गेले. आई मशीनसाठी आधीच पोचलेली, पडद्याआड खाटेवर. शिरकार हात धूत होते. मी दारातूनच सुरू केलं. एवढी वर्षं फुशारकी मारता ती कुणाच्या जिवावर, म्हटलं. माझ्याच आईच्या हातावर आंधळे झालात? दोन महिने पीठ मळून तिनं ती शीर वाढवली, तुम्ही एका सुईनं मारलीत. असली माणसं ठेवण्यापेक्षा खोलीला कुलूप लावलेलं बरं. आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. खोलीतल्या सिस्टर खाली बघत होत्या. शिरकारांनी माझं सगळं बोलून होऊ दिलं.

“व्हय बाय,” ते म्हणाले. “हांव चुकलों.”

मग हात झटकले, तोंडाला कापड बांधलं आणि म्हणाले, “आतां तुजें जालें जाल्यार, आवयचें बूच उगडूंचें आसा.” आणि मी गप्प झाले. बूच उघडं, तोंड बंद. एवढ्या संतापातसुद्धा मी तो नेम मोडला नाही.

त्यानंतर आठ वर्षं मी त्या माणसाशी कामापुरतं बोलले. गळ्यातला भाडेकरू गेला, मग मुंडकार आला, त्याच्यावर आईनं वर्ष काढलं. मग कोपरापाशी नवा फिस्तुला केला, तो शिरकारांनी शेवटपर्यंत चालवला. सुई फक्त ते लावायचे, रजेवर असले तरी तेवढ्यापुरते पेडण्याहून यायचे. मी मनात म्हणायची, भरपाई करतोय. फुशारकी त्यांनी त्या दिवसानंतर कधी मारली नाही, आणि त्यावरून माझी खात्री आणखीच पक्की झाली. आई मला पातोळ्यांचा डबा द्यायची, भाईंना दे म्हणून. मी तो टेबलावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. मागून आवाज यायचा, “देव बरें करूं.”

आई गेली ती घरी, दुपारची पडली ती उठली नाही. शिरकार नार्व्याला आले. एवढ्या माणसांत मागं उभे होते. तिरडी उचलायच्या आधी पुढं आले, वाकले, आणि तिच्या डाव्या कोपरावर दोन बोटं ठेवली. तशीच ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग चपला घालून फेरीच्या वाटेला लागले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

याला पुष्कळ वर्षं झाली. मग माझ्या मोठ्या जावेची मूत्रपिंडं गेली. मी अनुभवी, म्हणून तिच्याबरोबर मी. इस्पितळ दुसरं, खोली चकचकीत, सिस्टर चोवीस-पंचवीस वर्षांची पोर. जावेचा फिस्तुला झाल्यावर ती नियम सांगायला बसली, आणि पहिलंच म्हणाली, “काकणं. या हाताला एकही घट्ट काकण नको, लग्नात नको, चवथीला नको, कोण कितीही आग्रह करूं दे.” मी म्हटलं, आमच्या वेळी घड्याळ पहिलं सांगायचे. ती म्हणाली, “आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी हेंच पयलें शिकवलंय. पेडण्याचे होते, आता घरी असतात. सांगायचे, नदीपलीकडची एक बाई होती. मुलीच्या लग्नात चुडा भरला आणि शीर गेली. सर म्हणायचे, मी पुरुष माणूस, मला घड्याळ आठवलं, काकणं आठवली नाहीत. चूक माझी. बाईला नियम सांगताना बाईचं घर डोळ्यांसमोर आणायचं.”

मी तिला विचारलं, सुई चुकली नव्हती? ती म्हणाली, “सुई कसली? ती आली तेव्हा शीर आधीच बंद होती.”

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. माझ्याच हट्टानं माझ्या आईची शीर गेली, आणि मी आठ वर्षं दुसऱ्याला फासावर लटकावलं. हे माझं मलाच म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पेडण्याला गेले. शिरकार घरापुढच्या बल्कावात, दगडी सोप्यावर बसले होते, अंगात सदरा, वाळून आणखी अर्धे झालेले. मी पायरी चढले तर त्यांनी आधी माझा हात बघितला आणि मग ओळखलं. “नार्व्याची मास्तरीण,” ते आत बायकोला म्हणाले. मी बसले नाही. उभ्या उभ्या म्हटलं, मला कळलं.

त्यांनी विचारलं नाही, काय कळलं म्हणून. स्वतःच सांगायला लागले. तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुझी मावशी आवयला घेऊन आली. मी शिरेवर बोट ठेवलं आणि मला समजलं. काकणं फोडून काढली असती तर दोन मिनिटांचं काम. पण तुझी आवय म्हणाली, एक फुटता नये, पोरीच्या लग्नाची आहेत, आणि तिचा बाप जिवंत आहे. मग खोबरेल आणलं. एकेक काकण काढायला बसलों. नऊ काकणं, तासभर लागला. एकही फुटलं नाही. शीर तेव्हा गेलेलीच होती, तरी काढली.

“आणि माझं नाव का नाही घेतलंत?”

“ती म्हणाली, पोरीक सांगूं नाकात. नवी नवरी, लग्नाचे पयलेच दीस. मी म्हटलं, मग माझं नाव सांग. ती कशी सांगणार, तिला खोटं बोलवेना. मी म्हटलं, खोटं काय त्यात? काकणं नकोत म्हणून सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही. शीर माझ्याच हातून गेली.”

मी म्हटलं, “भाई, मी तुम्हाला त्या दिवशी काय काय बोलले.”

“बोललीस. तुझी आवय पडद्याआड रडत होती, उठून सांगायला बघत होती. मी मान हलवून नाका म्हटलं.” ते थोडे हसले. “मग घरी जाऊन जेवलीस मा तूं?”

मला आठवलं. जेवले होते. पोटभर बोलून आले होते म्हणून पोटभर जेवले होते. मी तसं सांगितलं.

“बरें जालें. खरें कळलें असतें जाल्यार जेवली नसतीस.”

मला रडू आवरेना. मी तशीच पायरीवर बसले. म्हटलं, आठ वर्षं मी तुमच्याशी धड बोलले नाही, आई असेपर्यंत तरी एकदा सांगायचंत. ते म्हणाले, सांगणार होतो, दोनदा-तीनदा. तुझी आवय दर वेळी म्हणायची, भाई, तिचा राग तुमच्यावर आहे तोवर तो तिच्या स्वतःवर जाणार नाही. आणि थोडे दीस सोसात.

“आणि आई गेल्यावर? तेव्हा का नाही सांगितलंत?”

शिरकार रस्त्याकडे वळून बसले. मग म्हणाले, “थोडे दीस सोसात म्हणून ती सांगून गेली, बाय. थोडे म्हणजे किती, तें सांगायला रावली ना.”

आतून त्यांच्या बायकोनं ताट वाढल्याची हाक दिली. मी डोळे पुसले, परसात जाऊन हात धुतले आणि त्यांच्या शेजारी पाटावर बसले.